बापाच्या हातीं परत दिलेला मुलगा

(आईबापांसाठीं पाठ)

शास्त्रपाठ: मार्क ९:१४–२९; लूक ९:३७–४३.

आजचा शास्त्रभाग आपण सर्वांनीं पुष्कळ वेळां ऐकिला आहे. प्रभु येशू रूपांतराच्या डोंगरावरून खालीं येतो, आणि पायथ्याशीं त्याला काय आढळतें? लोकांचा घोळका, वाद घालणारे शास्त्री, फजीत पावलेले शिष्य, आणि या सर्वांच्या मधोमध एक बाप व त्याचा आजारी मुलगा. या भागावर उपदेश होतो तो बहुतकरून शिष्यांच्या अल्पविश्वासावर होतो. आज आपण तो त्या बापाच्या जागीं उभे राहून वाचूं. कारण आपल्या मंडळ्यांत असे आईबाप आहेत, कीं ज्यांच्या मुलाचें मन आजारी आहे, ज्याला दवाखान्याचे उपचार चालू आहेत, आणि ज्याविषयीं घराच्या उंबऱ्याबाहेर अवाक्षर काढावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें आहे. बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेनें २०१५–१६ सालीं देशांतील मानसिक आरोग्याची पाहणी केली, तींत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सातांहून अधिकांस असें कांहीं ना कांहीं दुखणें आढळलें. म्हणजे शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गांत पंधरा मुलें बसत असतील, तर त्यांत एक. पण त्या वर्गाच्या शिक्षकास विचारा. तो म्हणेल, आमच्याकडे असें कोणी नाहीं. चार वर्षांपूर्वीं मीही हेंच म्हटलें असतें, आणि तें मूल माझ्याच घरांत होतें.

पाठास लागण्यापूर्वीं एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. शुभवर्तमानांतील हा मुलगा भूतग्रस्त होता. मग आपलींही मुलें तशींच समजावीं काय? या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरानें कित्येक मुलांचे हाल झाले आहेत. मत्तय ४:२४ काढून पाहा. प्रभूकडे आणिलेल्या लोकांची तेथें यादी आहे, आणि तींत भूतग्रस्त निराळे, फेफरेकरी निराळे व पक्षघाती निराळे सांगितले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या लेखकानेंही सर्व दुखणीं एका पोत्यांत भरलीं नाहींत. तर आपण तीं कां भरावीं? मुलाला बांधून, छड्या मारून, धुरी देऊन ‘काढणारे’ इतर समाजांत आहेत, आणि प्रभूचें नांव घेऊन तसेंच करणारे आपल्यांतही आहेत. हें लिहावयास लाज वाटते, पण तें खरें आहे. भूत उतरविण्याच्या मिषानें कोणास बांधणें किंवा मारणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें साखळीनें जखडण्यास मनाई केली आहे. छडी मारणारा कोणाच्या नांवानें मारतो हें कायदा विचारीत नाहीं.

वचन २१. प्रभु त्या बापाला विचारितो, याला असें होऊं लागून किती काळ झाला? ज्याला सर्व ठाऊक आहे तो विचारितो, आणि बापाला उत्तर देऊं देतो. बापाचें उत्तर पाहा: लहानपणापासून होतें, पुष्कळदां विस्तवांत पडतो, पुष्कळदां पाण्यांत पडतो. तो कांहीं लपवीत नाहीं व कांहीं सजवीत नाहीं. दवाखान्यांत डॉक्टर पहिल्याप्रथम हाच प्रश्न करितात, आणि त्याचें उत्तर ज्याच्यापाशीं आहे असें या जगांत एकच ठिकाण आहे, तें म्हणजे मुलाचें घर. पण आपण उत्तर देतांना लाजेनें निम्में गिळतों. मीं तर त्याहून वाईट केलें. मला उत्तर ठाऊकच नव्हतें. कारण मुलाचें दुखणें माझ्या डोळ्यांसमोर वाढत होतें, आणि मी त्याला भक्ति म्हणत होतों.

माझा मुलगा तेव्हां अकरा वर्षांचा होता. रात्रीं निजण्यापूर्वीं तो गुडघे टेकून प्रार्थना करी, ‘आमेन’ म्हणे, आणि लागलीच पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करी. मी शाळामास्तर, शिवाय मंडळीचा पंच. मला मोठा अभिमान वाटला. नाताळच्या सभेंत मीं त्याचें उदाहरण सर्वांपुढें ठेविलें. तो मान खालीं घालून बसला होता, आणि मला वाटलें, पोरगा विनयशील आहे. पुढें उन्हाळ्यांत त्याच्या आईनें त्याचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून रक्त येत होतें. तो दिवसभर हापशावर हात धूत असे. हात धुतल्यावांचून पवित्र शास्त्राला शिवत नसे, आणि शिवल्यावर पुन्हां शंका येऊन धुवावयास जात असे. मग प्रश्न सुरू झाले. “बाबा, मघाशीं माझ्या मनांत देवाला शिवी आली. ती मीं मुद्दाम आणिली नाहीं ना? देव मला टाकणार नाहीं ना?” मी म्हणें, “नाहीं रे बाळा.” त्याचा चेहरा उजळे. पांच मिनिटांनीं तो पुन्हां माझ्यापुढें उभा. एका रात्रीं मीं मोजलें. हा एकच प्रश्न त्यानें सत्तेचाळीस वेळां विचारिला.

आम्हीं काय काय केलें तें सर्व सांगत बसत नाहीं. रागें भरलों, वचनें पाठ करविलीं, साबण लपवून ठेविला. शेवटीं त्याला एका आरोग्यसभेस नेलें. तेथें वक्त्यानें त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानें सांगितलें कीं, या घरांत कोणाचें तरी झांकलेलें पाप आहे. परत येतांना एस. टी.त मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. अर्ध्या वाटेवर तो हळूच म्हणाला, “बाबा, तें पाप माझेंच आहे.” त्यानंतरच्या सोमवारीं आम्ही त्याला जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलांतील मनोविकार विभागांत घेऊन गेलों.

डॉक्टरबाईंनीं या दुखण्याचें इंग्रजी नांव ओसीडी असें सांगितलें. आपल्या भाषेंत त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. शब्दांतच दुखण्याची ओळख आहे: मंत्र म्हणतांना चुकला असेल या धास्तीनें जो तो पुन्हां पुन्हां म्हणतो, त्याचा चळ. सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या घरांत हा रोग विटाळाचें रूप घेतो, हिशेबी माणसाच्या घरांत कड्याकुलुपें पुन्हां पुन्हां पाहण्याचें रूप घेतो, आणि आमच्यासारख्या घरांत पापाचें व प्रार्थनेचें. वेष घरोघर निराळा, रोग एकच. नको असलेला एक विचार मनांत शिरतो. तसे विचार सर्वांच्याच मनांत येतात आणि जातात. पण या मुलांच्या मनांत तो अडकून बसतो आणि मोठी भीति उत्पन्न करितो. ती भीति निवविण्यासाठीं मूल हात धुतें, मोजतें, प्रार्थना पुन्हां म्हणतें, कोणाला तरी विचारून खात्री करून घेतें. घटकाभर बरें वाटतें. आणि हें घटकाभरचें बरें वाटणेंच रोगाचें खाद्य आहे. कारण मन त्यावरून असा धडा घेतें कीं, धुतलें म्हणून वांचलों, विचारिलें म्हणून वांचलों. पुढच्या खेपेस भीति अधिक मोठी होऊन येते. शंभर मुलांत एक ते तीन मुलांना हा रोग होतो. कित्येक कुळांत तो पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. आईबापांच्या पापानें तो होत नाहीं, आणि मुलाच्या तर नाहींच नाहीं.

येथें दोन थोर पुरुषांची आठवण होते. तरुण मार्टिन ल्यूथर मठांत असतांना पापकबुलीला बसला म्हणजे कधीं कधीं सहा सहा तास उठत नसे, आणि बाहेर पडल्यावर त्याला आणखी एक पाप आठवे, असें त्याचे चरित्रकार लिहितात; त्याचा गुरु स्टाउपिट्स अगदीं टेकीस येई. ज्याचें ‘यात्रिक क्रमण’ आपण वाचितों तो जॉन बनयन यानें १६६६ सालीं आपलें आत्मवृत्त छापिलें. ख्रिस्ताला विकून टाक असा विचार आपल्या मनांत दिवसरात्र कसा घुमत असे, जेवतांना व काम करितांनाही तो कसा सोडीत नसे, हें त्यानें तेथें सांगितलें आहे. त्यांना आज अमुक रोग होता असें छातीठोकपणें म्हणणें बरोबर नाहीं. ते डॉक्टरांपुढें बसले नव्हते. पण माझ्या मुलाला जेव्हां मीं बनयनची ती हकीकत सांगितली, तेव्हां त्यानें पहिल्यानेंच विचारिलें, “म्हणजे हें आणखी कोणाला होतें?”

वचन २२. बाप म्हणतो, आम्हांवर दया करून आम्हांला साहाय्य करा. ‘याला’ म्हणत नाहीं, ‘आम्हांला’ म्हणतो. या एका शब्दावर मला तरी वर्षानुवर्षें कोणाचा उपदेश ऐकल्याचें आठवत नाहीं. मूल आजारी पडलें म्हणजे घर आजारी पडतें. आई रात्र रात्र जागी. बाप बोलत नाहीं. तुझ्या माहेरचें कीं माझ्या घराण्याचें, असा हिशेब सुरू होतो. धाकट्या बहिणीला कोणी जवळ घेत नाहीं, आणि तीही एक दिवस पोटांत दुखतें म्हणून शाळेला जाईनाशी होते. आमच्या घरीं हें सर्व झालें. म्हणून डॉक्टरबाईंनीं दुसऱ्या भेटींत मुलाला बाहेर बसवून आम्हां दोघांना विचारिलें, “तुम्ही झोपतां किती?” तेव्हां मला राग आला. आम्ही मुलासाठीं आलों होतों.

घराला उपचारांत घेण्याची ही रीत आपल्या देशानें फार लवकर ओळखिली, याचा आपणांस अभिमान असावा. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांस त्यांच्याजवळ राहूं दिलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचें मनोरुग्णालय १९५७ सालीं निघालें. तेथेंही रोग्याबरोबर घरच्या माणसानें राहावयाचें, ही रीत पडली. आणि मिशनरी स्टॅन्ले जोन्स यांनीं १९५० सालीं लखनौस नूर मंझिल नांवाचें केंद्र काढिलें, तेंही मनाच्या दुखण्यांसाठींच. तेव्हां मनाचा दवाखाना ही ख्रिस्ती मंडळीला परकी वस्तु आहे असें कोणीं समजूं नये. आतांचा कायदाही हेंच सांगतो: मुलाला दाखल करावें लागलेंच, तर त्याला मोठ्या माणसांत ठेवूं नये, आणि त्याच्याबरोबर पालकानें सर्व वेळ राहावें. जेथें दवाखाना लांब आहे तेथील आईबापांनीं १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. २०२२ पासून ती रात्रंदिवस चालू आहे, पैसे पडत नाहींत, आणि मराठींत बोलतां येतें. फोन करावयास मूलच आजारी असलें पाहिजे असें नाहीं. थकलेल्या आईनेंही करावा.

वचन २४. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच श्वासांत अविश्वासाची कबुली देतो, असा हा बाप. आणि प्रभूनें त्याला परत पाठविलें नाहीं. आम्हीं पहिली गोळी मुलाच्या हातावर ठेविली तेव्हां आमचें मन असेंच दुभंगलेलें होतें. प्रार्थनेवर विश्वास नाहीं म्हणून गोळी देतां काय, असें मला एका वडील बंधूंनीं विचारिलें. त्यांना मधुमेह आहे, व तेही गोळ्या घेतात. मीं उत्तर दिलें नाहीं.

औषधाविषयीं मात्र नीट समजून घ्यावें, कारण येथें चुका फार होतात. मंत्रचळावरचें औषध तापाच्या गोळीसारखें चार तासांत लागू पडत नाहीं. पुरता गुण दिसण्यास दहा-बारा आठवडे लागतात. पुष्कळ आईबाप पंधरा दिवस वाट पाहून तें टाकून देतात. दुसरे कित्येक, मूल सुधारलें कीं दुसऱ्या दिवशीं बंद करितात, हीही चूक. केव्हां व कसें कमी करावयाचें तें डॉक्टर ठरवितील. पहिल्या कांहीं आठवड्यांत, आणि मात्रा बदलली म्हणजेही, मुलावर विशेष नजर ठेवावी. तें फार अस्वस्थ झालें, मरणाच्या गोष्टी बोलूं लागलें, तर पुढच्या तारखेची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. त्याला सरळ विचारावें, “तुला जीव द्यावासा वाटतो का?” असें विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत खोटी आहे, विचारल्यानें मूल बोलूं लागतें. आणि आपल्या शेतकऱ्यांच्या घरांत पिकावर मारावयाचें विष सांदीकोपऱ्यांत पडलेलें असतें, तें आजच उचलून कुलुपांत ठेवावें, किल्ली आपल्या कमरेला. हें सांगितल्याबद्दल मला कोणी भित्रा म्हटलें तरी चालेल.

वचनें २८, २९. शिष्य घरांत गेल्यावर एकान्तांत प्रभूला विचारितात, आम्हांला कां जमलें नाहीं? एकान्तांत, हें लक्षांत ठेवावें. प्रभूचें उत्तर प्रार्थनेविषयीं आहे, आणि मंडळीनें आजाऱ्यांसाठीं प्रार्थना करावी हें कोण नाकारील? पण आपल्याकडे प्रार्थनाविषय म्हणून जें सांगितलें जातें तें संध्याकाळपर्यंत हापशावर पोंचतें. मुलीचें नांव निघालें असेल तर तें तिच्या लग्नाच्या बोलणींपर्यंत टिकतें. म्हणून मुलाला विचारल्यावांचून त्याचें दुखणें कोणाच्या प्रार्थनेंत घालूं नये. दुखणें त्याचें आहे. शाळेच्या वर्गशिक्षकांना सांगणें जरूर असलें तरी त्याला आधीं सांगून मग सांगावें. हा पाठ छापावयास देण्यापूर्वीं मीं तो माझ्या मुलाला वाचावयास दिला. त्यानें दोन ओळी खोडल्या. त्या येथें नाहींत.

लूक, वचन ४२. आतां या पाठाचें मर्म. मुलगा बरा झाला हें तिघेही शुभवर्तमानकार सांगतात. पण लूक एवढें अधिक सांगतो कीं, प्रभूनें त्याला त्याच्या बापाच्या हातीं परत दिला. प्रभूनें त्याला शिष्यांबरोबर ठेवून घेतलें नाहीं. ज्या घरांतून तो आला त्याच घरीं तो गेला. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्याशीं कसें वागावें, हें त्या बापालाच पाहावें लागलें असेल. आम्हांला वाटत होतें, मूल डॉक्टरांच्या स्वाधीन केलें, आपलें काम संपलें. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मास्तर, मी याला पंधरा दिवसांतून अर्धा तास पाहणार. बाकीचा सर्व वेळ तो तुमच्याकडे आहे. आणि सध्यां तुम्ही दोघें रोगाच्या नोकरींत आहां.”

हें वाक्य मला फार लागलें, पण त्याचा अर्थ खरा होता. सत्तेचाळीस वेळां ‘नाहीं रे बाळा’ म्हणणारा मीच होतों. त्याचे कपडे दुसऱ्यांदा धुणारी, त्याच्या हातावर पाणी घालणारी, त्याच्याबरोबर तीच प्रार्थना तिसऱ्यांदा म्हणणारी त्याची आईच होती. आम्हीं प्रेमानें केलें, आणि त्या प्रेमावर रोग पोसला. उपचार काय, तर मुलानें भीतीला थोडें थोडें सामोरें जावयाचें, आणि ती जें करावयास सांगते तें करावयाचें नाहीं. भीति आपोआप ओसरेपर्यंत थांबावयाचें. आईबापांनीं त्याच्याजवळ राहावयाचें, पण भीतीला उत्तर द्यावयाचें नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत या रोगाच्या ११२ मुलांवर प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध व असा सराव दोन्ही ज्यांना मिळालीं त्यांतील निम्म्याहून अधिक मुलें रोगांतून जवळजवळ मोकळीं झालीं. नुसत्या औषधानें पांचांत एक. तेथील येल विद्यापीठांत तर भयग्रस्त मुलांच्या केवळ आईबापांनाच शिकवून पाहिलें, मुलांना बोलाविलेंच नाहीं. आणि मुलांना स्वतः उपचार दिल्यानें जेवढा गुण येतो तेवढाच याही रीतीनें आला. ती भयाचीं इतर दुखणीं होतीं हें खरें; पण घराच्या वागण्यांत औषध आहे एवढें त्यावरून दिसतें.

माझ्यापुढें मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली, आणि ती ख्रिस्ती बापाचीच आहे. मूल विचारितें, देव मला क्षमा करील ना? आणि डॉक्टर सांगतात, उत्तर देऊं नका. हें कसें करावें? क्षमेची खात्री मागणाऱ्याला ती न देणें हें पाप नव्हे काय? मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलों. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “क्षमेचें वचन देवानें दिलेलें आहे. तुम्ही तें एका रात्रींत पन्नास वेळां देतां, म्हणजे एकोणपन्नास वेळां तें पुरें पडलें नाहीं अशी साक्ष देतां.” नंतर त्यांनीं मत्तय ६:७ काढून दाखविलें. पुष्कळ बोलल्यानें आपलें ऐकलें जाईल असें समजून बडबड करूं नका, हा प्रभूचा हुकूम मीं वर्गांत कितीदां शिकविला होता! माझ्या मुलाच्या प्रार्थनेला तो लागू आहे, हें माझ्या ध्यानांतही आलें नव्हतें.

मग आम्हीं तिघांनीं बसून ठरविलें. हें ठरविणें शांत वेळीं, मुलाला विश्वासांत घेऊन व डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावयाचें असतें. एके दिवशीं एकाएकीं तोंड फिरवून बसावयाचें नसतें. तें मुलाला शिक्षेसारखें वाटतें. दुखण्याला आम्हीं त्याच्या नांवानेंच हांक मारूं लागलों: हें तुझें बोलणें नव्हे, हें मंत्रचळाचें. सोप्यापासून सुरुवात केली. प्रथम कपड्यांचें, कपडे एकदांच धुवावयाचे. मग निजतांनाची प्रार्थना. एकदां म्हणावयाची, शब्द चुकला तरी मागें जावयाचें नाहीं. शेवटीं तो प्रश्न. दिवसांतून एकदां मी उत्तर देईन, पुन्हां विचारशील तर म्हणेन, “याचें उत्तर तुझ्यापाशीं आहे. मी येथेंच बसलों आहें.”

पहिला आठवडा कसा गेला तें लिहावयास शब्द नाहींत. मार्क ९:२६ पाहा: मुलाला पिळून काढून आत्मा निघून गेला तेव्हां मूल मेल्यासारखें झालें, आणि पुष्कळ लोक म्हणाले, मेलाच. बरें होण्याच्या वाटेवर अधिक बिघडल्यासारखें दिसतें, आणि शेजारीपाजारी म्हणतात, पोराला मारलें यांनीं. माझा मुलगा भिंतीवर डोकें आपटून ओरडला, “तुम्हांला माझी पर्वा नाहीं!” मी त्याच्या शेजारीं जमिनीवर बसून राहिलों. हात धरूं दिला तेव्हां धरिला. तिसऱ्या रात्रीं त्याच्या आईच्यानें राहवलें नाहीं, तिनें त्याला जवळ घेऊन म्हटलें, “नाहीं रे राजा, देव तुला टाकणार नाहीं.” मी तिच्यावर ओरडलों. हें मीं फार वाईट केलें, आणि पुढच्या भेटींत डॉक्टरबाईंनीं तसें मला स्पष्ट सुनावलें. त्या म्हणाल्या, चुकेल, सर्वांचेंच चुकतें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां सुरू करावयाचें, आणि मुलासमोर एकमेकांचा पाणउतारा करावयाचा नाहीं. त्या रात्रीपासून आम्हीं पाळी लाविली. ज्याचा धीर सुटूं लागेल त्यानें अंगणांत जावें, दुसऱ्यानें बसावें.

तिसऱ्या आठवड्यांत सत्तेचाळिसाचे तीस झाले, पुढें बारा. मग परीक्षा आली आणि पुन्हां चाळीस. असें वरखालीं होतच राहतें, आणि प्रत्येक वेळीं सर्व फुकट गेलें असें वाटतें. मीं वहींत आंकडे लिहून ठेवीत असें, म्हणून मला तरी दिसत होतें कीं चाळीस हे पूर्वींचे चाळीस नव्हेत. ते आठ दिवसांत उतरले. तशी वही ठेवावी असें मी प्रत्येक बापाला सांगेन. त्याच वर्षीं प्रभुभोजनाच्या तयारीच्या सभेंत पाळकसाहेबांनीं पापकबुलीची वेळ झाल्यावर त्याला खुणेनें जवळ बोलाविलें, आणि घंटा वाजविण्याचें काम दिलें. तो धांवत गेला.

आतां तो पंधरा वर्षांचा आहे. गोळी चालू आहे, मात्रा निम्मी झाली आहे. हात बरे झाले. डाव्या हाताच्या दोन बोटांमध्यें एक पांढरी रेघ राहिली आहे. गेल्या आठवड्यांत दिवा मालवल्यावर अंधारांतून त्याचा आवाज आला, “बाबा, एक विचारूं?” मीं म्हटलें, “तूं विचारतोस, कीं तो?” थोडा वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग हसून म्हणाला, “तोच आहे,” आणि कूस वळवून निजला. त्याचा श्वास संथ होईपर्यंत मी जागा होतों. पुढची तारीख मंगळवारची आहे. सकाळच्या गाडीनें आम्ही दोघे जाऊं.